वही पालथी घालायची नोकरी

९ फेब्रुवारी

ताई,

वर आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं. मग खोडलं, मग परत लिहिलं, मग कागदच बदलला. तेव्हा तो शब्द तू तुझ्या हाताने लावून घे, किंवा नको लावूस.

मी बरा आहे. आईला सांग, वेळेवर जेवतो. तीन वर्षांत बारा गावचं पाणी प्यायलो, त्यातलं निम्मं गढूळ होतं, पण पोट पक्कं झालंय. मंडपवाल्याकडे होतो, मग रंगाऱ्याकडे, मग एका रोपवाटिकेत. रोपवाटिका छान होती. तिथला एक वेल रोज सकाळी नव्याच दिशेला वळलेला असायचा. मालक म्हणायचा, “हा तुझ्या कुळातला दिसतो.” पण ते राहू दे.

सांगायचं हे, की मला नोकरी लागलीय. हसू नकोस. विद्यार्थ्याची.

झालं असं, की इथल्या विद्यापीठात मी पाणी प्यायला शिरलो. कुणी म्हणालं पाणी वर आहे, म्हणून वर गेलो. पार शेवटच्या मजल्यावर एक लांब खोली. पांढरे पडदे, छताला काचा, आणि उन्हात खडूची धूळ अशी तरंगत होती, की कुणीतरी ती हवेत ठेवून विसरून गेलंय. मी दारात उभा राहून तेच बघत बसलो. आतून एक बाई म्हणाल्या, “उशीर झाला. बसा.” मी बसलो. ज्याची ती जागा होती तो दिवसभर आलाच नाही. संध्याकाळी बाईंनी विचारलं, “तुम्ही कोण?” मी म्हटलं, “तसा कुणीच नाही.” त्या म्हणाल्या, “चालेल. उद्या दहाला या.”

ती खोली म्हणजे प्राध्यापकांना शिकवायला शिकवतात ती जागा. तुला ठाऊकच आहे, तुम्हा कॉलेजात शिकवणाऱ्यांत कुणाला शिकवायचं कसं ते कधी कुणी शिकवत नाही. विषयात पदवीवर पदवी घेतली, की हातात खडू देतात आणि वर्गात ढकलतात, विहिरीत ढकलून पोहायला शिकवावं तसं. तर असे विहिरीतून वर आलेले प्राध्यापक इथे तुकडीने येतात, कुणी दोन दिवसांसाठी, कुणी पंधरा. त्यांना सराव करायला खरी माणसं लागतात. म्हणून आम्ही सहाजण सरावाच्या बाकावर बसतो. माझ्या शेजारी पोस्टमनकाका असतात. निवृत्त झाल्यावर घरी करमेना म्हणून आले. कुणीही शिकवायला उभं राहिलं, की आधी त्याचे बूट बघतात. म्हणतात, चालणाऱ्या माणसाचे बूट खोटं बोलत नाहीत.

आमचं काम एकच. समोर कोरी वही उघडी ठेवायची, आणि शिकवलेलं सुटलं, की त्या क्षणी ती पालथी घालायची. हात वर करायचा नाही, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. शिकवणाऱ्याला दिसतं, अरे, दोन वह्या पालथ्या, चार वह्या पालथ्या. पोस्टमनकाका पहिल्या दिवशीच म्हणाले, “पालथ्या घड्यावर पाणी ऐकलं होतं, हा पालथ्या वहीवर पगार.”

आणि ताई, बाई म्हणतात माझ्यासारखी वही अजून कुणाची पडली नाही. शिकलेली माणसं अदबीने थोडं थांबतात, पुढे कळेल म्हणतात. माझं लक्ष उडालं की उडालं. जन्मभर ज्याबद्दल बोलणी खाल्ली त्याचीच शाबासकी मिळतेय.

पत्ता खाली लिहिलाय. केंद्राचाच आहे.

तुझा,
भिरभिऱ्या

२१ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, पण पोस्टमनकाका रोज विचारतात, “काही आलं का रे?” जणू ते न येणं त्यांच्याच खात्याची चूक आहे.

या तुकडीत रसायनशास्त्राचे एक सर आहेत. दर वाक्यामागे “कळलं का?” म्हणतात. आम्ही त्यांचं नाव ‘कळलंकासर’ ठेवलंय. भला माणूस, शिकवताना घामाघूम होतो. परवा त्यांनी “कळलं का?” म्हटलं, आणि सहाच्या सहा वह्या एकदम पालथ्या पडल्या. पत्र्यावर पक्षी उतरावेत तसा आवाज झाला. सरांचा चेहरा पांढराफटक. म्हणाले, “अहो, मी वीस वर्षं हेच शिकवतोय!” बाई शांतपणे म्हणाल्या, “वीस वर्षं मुलं हो म्हणाली, कारण तुम्ही तसं विचारलंत.”

बाईंचा एक नियम आहे. वही पालथी दिसली तर ‘कळलं का’ विचारायचं नाही, ‘का नाही कळलं’ तर मुळीच नाही. फक्त विचारायचं, “कुठे सुटलं?” सोपं वाटतं ना? कळलंकासरांना ते तीन दिवस जमलं नाही. चौथ्या दिवशी ते माझ्यापाशी आले आणि अगदी हळू, आजारी माणसाला विचारावं तसं म्हणाले, “कुठे सुटलं?” मी म्हटलं, “सर, तुम्ही द्रावण म्हणालात तेव्हा मला वाफाळलेला चहा दिसला, आणि मी त्या वाफेबरोबर गेलो.” मला वाटलं आता चिडणार. ते खुर्ची ओढून बसले. म्हणाले, “बरं, मग चहापासूनच सुरू करू.” आणि ताई, मला कळलं! साखर कुठे जाते ते कळलं! दिवसभर मी विरघळल्यासारखा फिरत होतो. रस्त्यावरची माणसं, खांब, दुकानांच्या पाट्या, सगळं एकमेकांत मिसळलेलं, तरी मोजलं तर काहीच कमी झालेलं नाही.

तेव्हा तुझी आठवण आली. खरं सांगतो, आठवण नाही, भीती आली. कॉलेजात तुझ्या भूगोलाच्या वर्गात मी तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसायचो. तू एखादा मुद्दा सांगून थांबलास की... बघ, घाबरून व्याकरणही सुटलं. थांबलीस, की माझ्याकडे बघायचीस. आणि मी मान हलवायचो.

तेवढंच. बाकी काही नाही.

भिरभिऱ्या

४ मार्च

ताई,

आज खुर्च्या मांडताना बाईंच्या टेबलावर पुढच्या तुकडीची यादी दिसली. सातवं नाव तुझं आहे.

मी ते चारदा वाचलं. मग यादीखाली तुझ्या कॉलेजचं पत्र होतं, तेही वाचलं. वाचायला नको होतं, माहीत आहे. त्यात लिहिलंय, की भूगोलाच्या वर्गाबद्दल विद्यार्थ्यांच्या सलग तक्रारी आहेत, मुलं तासाला बसत नाहीत. प्रशिक्षणाचा अहवाल समाधानकारक आला नाही, तर पुढच्या सत्रापासून तुला वर्ग देणार नाहीत. परीक्षा विभागात बसवणार.

तुला? गठ्ठे बांधायला? लहानपणी तू वाळत घातलेल्या कपड्यांना शिकवायचीस. एकेक सदरा, एकेक फ्रॉक, सगळ्यांची हजेरी घ्यायचीस. वारा आला की म्हणायचीस, “बोलू नका!” बाबा गेल्यावर आईने मला तुझ्या पदरात टाकलं, तेव्हा तूही पोरच होतीस. तरी मला जेवायला वाढता वाढता ताटात नद्या नि डोंगर करून दाखवायचीस. तुझ्यातून शिकवणं काढलं तर काय उरेल ते मला सांगता येत नाही. खरंच येत नाही.

आता अडचण ऐक. बाकावर बसणाऱ्याकडून दर तुकडीला एक कागद सही करून घेतात, की शिकवणाऱ्यांत आपलं नात्याचं कुणी नाही. पोस्टमनकाकांनी मागे विचारलं होतं, “असं का हो बाई?” बाई म्हणाल्या, “नातेवाईक मान हलवतात.”

मला तर हसूच आलं. मग आलं नाही.

तू सांग. त्या दिवशी मी सुट्टी घेऊ? की बाईंना आधीच सांगून टाकू? सांगितलं तर कदाचित तुला दुसऱ्या केंद्रात पाठवतील. तिथे वह्या नसतात म्हणे, नुसत्या टाळ्या असतात. अहवाल चांगला येईल. तसं हवं असेल तर एक ओळ पाठव. नुसतं ‘हो’ लिहिलंस तरी चालेल.

भिरभिऱ्या

१२ मार्च

ताई,

ओळ आली नाही.

काल सुट्टीचा दिवस होता, म्हणून गावाबाहेरच्या टेकडीवर गेलो. वर एक चपटा दगड आहे, त्यावर झोपलो. स्वप्नात तू दोरीवरच्या कपड्यांना नकाशावरच्या समोच्च रेषा शिकवत होतीस आणि एक सदरा सारखी मान हलवत होता. बाह्या नव्हत्या त्याला, फक्त मान. जागा झालो तेव्हा वारा पडला होता.

तेव्हा लिहून टाकतो. मागच्या पत्रात ‘तेवढंच’ म्हणालो, ते तेवढंच नव्हतं.

तुझ्या वर्गातलं मला काहीही कळत नव्हतं. पहिल्या दिवसापासून. पण तू माझ्याकडे बघायचीस आणि तुझ्या डोळ्यांत असं काहीतरी असायचं, की नाही म्हणायला जीभ रेटायची नाही. मी मान हलवली, की तू फळा पुसून पुढे जायचीस. साऱ्या वर्गाचा गाडा माझ्या मानेवर चालायचा! मागची पोरं मला खडूचे तुकडे मारायची. “ए नंदीबैला, मान आवर! तुझ्यामुळे आमचं राहतंय.” एकीने तर हात जोडले होते. तरी मी हलवत राहिलो. मग निकाल लागला. निम्मा वर्ग तुझ्याच विषयात गेला. माझ्या उत्तरपत्रिकेत तर एक डोंगर नि त्यावर एक बकरी, एवढंच होतं. तू अक्षरावरून नाही, बकरीवरून ओळखलंस.

त्या संध्याकाळी तू रागावलीसुद्धा नाहीस. एवढंच म्हणालीस, “मला वाटलं तुला कळतंय.”

आणि मी म्हणालो, “तुला शिकवताच येत नाही.”

आई पोळी लाटत होती. तिचं लाटणं थांबलं होतं. ते मला अजून ऐकू येतं, थांबलेलं लाटणं. दुसऱ्या दिवशी मी निघालो. सगळ्यांना सांगितलं, कॉलेज जमलं नाही.

ताई, ते खोटं होतं. तुला शिकवता येत होतं की नाही ते कळायला मी वावच दिला नाही. वर्षभर खोटी नाडी दाखवली आणि वर वैद्यालाच बोल लावला.

बाईंना मी काही सांगितलेलं नाही, त्या कागदावर सही केलीय. सोमवारी बाकावर असेन. निघायच्या आधी हे पत्र तुला मिळेल असं पोस्टमनकाका शपथेवर सांगतात.

भिरभिऱ्या

१८ मार्च, दुपार

ताई,

तू तीन इमारती पलीकडे पाहुण्यांच्या खोलीत आहेस आणि मी इथे कागद खरडतोय. काय म्हणायचं याला? पण बाईंनी बजावलंय, उद्याची शिकवण्याची फेरी होईपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. लिहायचं नाही असं म्हणाल्या नाहीत. हे पत्र मात्र मी फेरी झाल्यावरच देणार.

सकाळचं बाकावरून कसं दिसलं ते सांगतो.

तू आत आलीस. बारीक झालीयस. पोस्टमनकाका कुजबुजले, “हिचे बूट बघ, खूप चालून आलेली आहे.” तू आमच्या सहाजणांवरून नजर फिरवलीस आणि माझ्यावर ती थांबली नाही. तेव्हा कळलं की तुला आधीपासून माहीत होतं. नाहीतर थांबली असती.

तू सुरुवात केलीस. तेच वाक्य. “समुद्रसपाटीपासून समान उंचीवर असलेल्या ठिकाणांना जोडणारी काल्पनिक रेषा म्हणजे समोच्च रेषा.” मी आजवर किती डोंगर पालथे घातले, पण अशी रेषा एकाही डोंगरावर दिसली नाही. वाक्य संपलं आणि तुझी नजर सवयीने आली. तिसऱ्या जागेवर, खिडकीशी. माझ्यावर.

माझी मान, ताई, माझी मान आपोआप हलायला निघाली होती. मी ती धरली, दातांनी धरावी तशी. आणि वही पालथी घातली.

सहांत माझी एकट्याची. केवढा आवाज झाला तो! बाईंनी कागदावर काहीतरी टिपलं. मला वाटलं संपलं, माझ्या हातानेच संपवलं. तुझा खडू फळ्यापाशी तसाच अधांतरी. मग तू फळ्यापासून निघालीस, माझ्यापाशी आलीस आणि म्हणालीस,

“कुठे सुटलं?”

“पहिल्या वाक्यात,” मी म्हणालो. “डोंगरावर रेषा नसते.”

“डोंगर चढलायस कधी?”

“बरेच. तीन वर्षं तेच केलं.”

“चढताना काय होतं?”

“दम लागतो.”

“आणि उतरताना?”

“गुडघे बोलतात.”

पोस्टमनकाका हसले. तूही जराशी, फक्त एका बाजूने.

“मग अशी एखादी वाट आठव,” तू म्हणालीस, “डोंगराच्या पोटावरून जाणारी. दमही लागत नाही नि गुडघेही बोलत नाहीत.”

मला आठवली. एका मेंढपाळाबरोबर चाललो होतो. अर्धा दिवस नुसते डोंगराला वळसा घालत गेलो. दरी डाव्या हाताला, शिखर उजव्या हाताला, दोन्ही तेवढीच लांब राहायची. स्वप्नात चालल्यासारखं. मी म्हणालो, “म्हणजे ना वर, ना खाली? नुसतं भिरभिरत राहायचं?”

“तीच रेषा,” तू म्हणालीस. “तू तिच्यावरून चालून आलायस.”

मग तू फळ्यावर वळशात वळसा काढत गेलीस, आणि जिथे वळसे जवळ जवळ आले तिथे मला दरीकडून आलेला गार वारा लागला. खोलीत, बाकावर बसून! मी वही सुलटी केली. आपण होऊन.

दहा मिनिटांची फेरी संपल्याची घंटा झाली. मी उभा राहिलो आणि बाईंना सांगितलं, “ही माझी सख्खी बहीण आहे. मी सही खोटी केली.”

बाईंनी टिपण खोडलं. मग म्हणाल्या, “फेरी रद्द. उद्या पुन्हा, याच्याशिवाय.” मला म्हणाल्या, “तुमची वही इथे ठेवून जा.”

नोकरी गेली. असू दे. पण तुझी एवढी चांगली फेरी माझ्यामुळे गेली, हे मात्र सलतंय. तोंड मिटून बसलो असतो तर अहवाल आजच झाला असता. पण मग तो माझ्या मानेवरचा अहवाल झाला असता, परत एकदा.

उद्या मी जिन्यात बसेन.

भिरभिऱ्या

२० मार्च

ताई,

तू घरी पोचली असशील. मी अजून एस.टी. स्टँडच्या त्याच बाकड्यावर आहे, म्हणजे काल होतो, आज परत येऊन बसलोय. तुझी बस निघाली आणि तुझ्या शेवटच्या वाक्याला मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हे पत्र.

आधी राहिलेलं सांगतो, म्हणजे चुकून विसरणार नाही. जिन्यातून दिसत काही नव्हतं, पण वह्या ऐकू येत होत्या. एक पडली. तुझं “कुठे सुटलं?” ऐकलं. मग दुसरी, मग लागोपाठ दोन. पण दर वेळी तुझा आवाज आधीपेक्षा खाली यायचा, जवळ यायचा, आणि थोड्या वेळाने वही सुलटी झाल्याचा बारीकसा आवाज. पोस्टमनकाका नंतर म्हणाले, “मी दोनदा घातली पालथी. एकदा खरी, एकदा तिने परत विचारावं म्हणून.” बाईंना सांगू नकोस.

बाईंनी दिलेला अहवाल तू स्टँडवर तीनदा उघडलास. ‘वर्ग चालू ठेवावा. एक सत्र निरीक्षण करावे.’ तू म्हणालीस, “निरीक्षण म्हणजे मागे कुणीतरी बसणार, माझ्या चुका टिपत.” मी म्हटलं, “बसू दे की. माझ्याऐवजी तुला बघायला नवं माणूस.” तेव्हा तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. तीन वर्षांनी. दुखलं, पण छान दुखलं.

पत्रांबद्दल विचारलं, तर तू म्हणालीस, “रोज लिहायला बसायचे. दोन ओळींत तुला शिकवायलाच लागायचे. मग फाडून टाकायचे.”

मग चहा झाला. बस लागली. तू खिडकीत बसलीस आणि एकदम विचारलंस, “खरं सांग. आख्ख्या वर्षात तुला एकदाही काही कळलं नाही?”

मी म्हणालो, “एकदा कळलं होतं.”

“कधी?”

“त्या दिवशी तुझा घसा बसला होता. तू काही न बोलता फळ्यावर नदी काढायला लागलीस. उगमापासून. एकेक ओढा येऊन मिळायचा, ती रुंद व्हायची, वळायची, गाळ टाकायची. मधे तू बोटाने एक वळण पुसलंस आणि तिथे एक तळं उरलं. आम्ही आहोत हे तू विसरली होतीस. त्या दिवशी कुणीच खडू मारला नाही. नदी म्हातारी का होते ते मला त्या दिवशी कळलं. ते अजून जसंच्या तसं आहे.”

तू खिडकीची दांडी धरून माझ्याकडे बघत राहिलीस. ड्रायव्हरने गाडी चालू केली होती.

“पण त्या दिवशी तू मान हलवली नाहीस,” तू म्हणालीस.

“विसरलो,” मी म्हणालो.

“मला वाटलं कुणालाच काही कळलं नाही. म्हणून मी परत कधी तशी नदी काढली नाही.”

आणि बस गेली. मी धावलो थोडा, पण धावून काय सांगणार होतो?

हे सांगणार होतो. ताई, सोमवारी तुझा पहिला तास आहे. घसा बसलेला नसला तरी बोलू नकोस. फळ्याकडे तोंड कर, उगमाचा ठिपका दे, आणि मागे वळून कुणाच्याही मानेकडे बघू नकोस.

तुझा,
भिरभिऱ्या